कुत्रा दमलाय

सारागोसात त्या मार्चमध्ये
रस्त्यावर उतरायला कारण लागायचं:
पाव, औषध, नाहीतर कुत्रा.
आमच्या जिन्यात कुत्रा एकच, माझा.
मोरो. वय अकरा, मागचा एक पाय अधू.

मी शाळेच्या खानावळीतली आचारीण.
दोनशे दहा मुलांचं मीठ हाताला ठाऊक,
एकटीचं किती, ते काही जमेना.
आठवडाभर खारटच जेवले,
मग पातेलंभर मसूर रांधून
शेजाऱ्यांच्या दारांशी वाट्या ठेवू लागले.
वाट्या धुऊन परत यायच्या, आत चिठ्ठी:
मसूर छान. कुत्रा मिळेल का, अर्धा तास?

चौथ्या मजल्यावरचे एउसेबिओ
टाय बांधून यायचे मोरोला न्यायला.
तिसऱ्यावरची दोघं आळीपाळीने,
कारण एका कुत्र्यामागे एकच माणूस, असा नियम,
आणि एका घरात दोघं, हे आता त्यांना झेपत नव्हतं.
पहिल्यावरची लेआन्द्रा नदीपर्यंत जायची,
एब्रो वाहतेय का ते बघायला.
वाहतेय, वाहतेय,
असं जिनाभर सांगत वर यायची.

त्याच्या कानात कुणी काय सांगितलं कोण जाणे.
कधीकधी परत यायचा तेव्हा
मान ओली असायची,
पाऊस नसताना.

दिवसाला नऊ फेऱ्या.
घंटी वाजली की मोरो पलंगाखाली.
अख्ख्या इमारतीत बाहेर पडायची मुभा असलेला एकच जीव,
आणि त्याला घरी बसायचं होतं.

रात्री आठला सगळे बाल्कनीत. टाळ्या.
मी पातेलं बडवायचे, हात हुळहुळेपर्यंत.
दुसऱ्या मजल्यावरची कासिल्दा तेव्हा घरी नसायची.
टाळ्या ज्यांच्यासाठी, त्यांच्यातलीच ती;
इस्पितळात, रात्रपाळीला.

एका सकाळी लिफ्टच्या आरशावर कागद:
तुमच्या कामाचा आम्हाला आदर आहे.
पण इथे वयस्कर माणसं राहतात.
काही दिवस दुसरीकडे सोय बघावी.
सही नव्हती.
अक्षर मी ओळखलं.
त्याच अक्षरात मसूर छान असायचे.

कागद मी काढला नाही.
लिफ्टही घेतली नाही,
पाच मजले पायी चढले,
जणू त्यानं काही फिटणार होतं.

त्याच संध्याकाळी ती माझ्या दाराशी.
नाकावर मास्कचा वळ.
घंटी वाजवून आपणहूनच दोन पावलं मागे सरकलेली.
म्हणाली, आज सुट्टी आहे.
दहाच मिनिटं द्याल त्याला?
कुणाबरोबर तरी चालायचंय,
जो मला आकडे विचारणार नाही.

मोरो पलंगाखालून बाहेर आला,
त्या महिन्यात पहिल्यांदाच, न बोलावता.
माझ्या पायांमधून डोकं काढून शेपटी हलवू लागला.

मी म्हटलं, कुत्रा दमलाय.

तिनं त्याच्याकडे पाहिलं,
त्या शेपटीकडे.
हो ना, म्हणाली, दिसतंय.

आठ वाजले. मी पातेलं घेतलं.
आज ती घरी होती.
माझ्या तीन मजले खाली, खिडकी लावून,
आम्ही तिच्यासाठी किती जोरात वाजवतोय ते ऐकत.

आता सगळं उघडलंय.
दोनशे दहा ताटं, मीठ पुन्हा बेतात.
तिसऱ्यावर एकटा तो उरलाय.
एउसेबिओ बाहेर पडत नाहीत;
कारण लागत नाही ना आता, म्हणतात,
मग कशाला जायचं?
कासिल्दा कधी गेली, कुणी पाहिलं नाही.
दारावर पाटीच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी आहेत.

मोरो तिथे बसतो.
जाताना बसतो, येताना बसतो,
दाराच्या फटीला नाक लावून.
ओढला तर नखं रोवतो.

जिन्यात कुणाची चाहूल लागली
की मी त्याला चटकन उचलून घेते, चौदा किलो,
आणि कुणी विचारायच्या आधीच सांगते,
दमतो हो. पाय अधू आहे त्याचा.