रकाना सहावा

वाघोलीच्या खाणीवर दर सोमवारी
मी डंपरच्या चाकांपाशी उकिडवी बसते.
खोली मोजायची पट्टी दिवाळीत हरवली
म्हणून आता रुपयाचं नाणं.
खाचेत उभं घालायचं,
अंगठ्याच्या नखाने खूण धरायची,
ती फुटपट्टीवर उतरवायची.
शेट म्हणतात, नाणं आठवणीने गल्ल्यात टाका.

दोन गाड्या, एकाच दिवशी नवे जोड.
एकोणीस-बाराला मऊ रबर, पोरं त्याला लोणी म्हणतात.
त्रेसष्ट-चाळीसला कडक, त्याचं नाव पाटा.
दोन्ही कंपन्यांची माणसं एकच बोलली:
चिखल, खडी, डांबर, कुठेही चालवा.
कुठेही म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही.
आमचं कुठेही एवढंच:
खाणीच्या तळापासून काट्यापर्यंतचा चढ,
केसनंद फाट्याचे खड्डे,
आणि रात्री दहानंतर खराडी,
जिथे कुणाच्या तरी तिसाव्या मजल्याला
आमची खडी लागते.

बावीस हजार किलोमीटर झाले.
लोणी अठरावरून नऊवर आलं.
पाटा अजून चौदा.
भागाकार मी दोनदा केला:
मिलिमीटरमागे लोणी अडीच हजाराच्या आत,
पाटा साडेपाच हजार.
शेटनी पाट्यासमोर लाल पेनाने बरोबरची खूण केली,
सहा गाड्यांची ऑर्डर तोंडी सांगितली,
चहा मागवला.
मलाही. हे क्वचित.

मंगळवारी टँकरने चढावर पाणी मारलं,
धूळ बसावी म्हणून.
कच आणि पाणी, त्याचं पिठलं होतं,
वर साय, खाली निसरडं.
लोणी गेलं वर, कण्हत, खडे थुंकत,
प्रत्येक खाचेतून काहीतरी सोडत.
मागोमाग पाटा, भरलेला.
आधी आवाज बदलला.
चाकं फिरत होती आणि गाडी नाही.
मग ती मागे यायला लागली,
इतकी हळू, की काट्यावरच्या सोपानला वाटलं
मुद्दाम घेतोय.
अकरा फूट. मी नंतर टेपने मोजले.
मुरुमाच्या ढिगाला टेकली.
कुणाला काही झालं नाही.

यल्लाप्पा उतरला, चाकापाशी वाकला.
खाचा कचाने लिंपून सपाट झालेल्या.
एक खाच त्याने बोटाने उकरली.
आत रबर कोरं, काळं,
दुकानातून कालच आणल्यासारखं.

त्या संध्याकाळी रजिस्टरला सहावा रकाना आखला: पकड.
आखला आणि बसून राहिले.
एकक काय लिहू?
झिजेला मिलिमीटर आहे, डिझेलला लिटर,
माझ्या पगारालासुद्धा खाडे आहेत.
यल्लाप्पाला विचारलं.
तंबाखू मळता मळता म्हणाला,
ताई, चढावर क्लच सोडताना
पोटात जे होतं ना, तेवढं लिहा.

शेट म्हणाले, हा रकाना कशाला, पान पुरत नाही.
मग जरा वेळाने,
पाण्याचा टँकर बंद करा.
उडू दे धूळ.
आता क्रशरवरच्या बायका
तोंडाला पदर दोनदा गुंडाळतात.

आकडे मी खोडले नाहीत.
पाटा साडेपाच हजारच चालला,
खोटं नाही ते.
फक्त नाणं पुसून खिशात टाकताना
दोघांना विचारते.
लोण्यावरचा इलाही हसतो,
पोटात कसलं काय, पण रबर संपत आलंय,
शेटना लवकर सांगा.
यल्लाप्पा कधी सांगतो,
कधी नुसता चढाकडे बघतो.
पेन्सिलीने लिहिते, खोडता यावं म्हणून.
ह्या सोमवारचं असं:
एकोणीस-बारा, काही नाही.
त्रेसष्ट-चाळीस, मुलीची फी आठवली.