साडेबारा टक्के

महापे, रात्रीचा दीड.
चिलरच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही,
म्हणून दिलावर टॉर्च मारतो.
रॅक एकोणीस, तिसरा खण.
आत एकच कार्ड, विटेएवढं,
आणि दारात सात जण.

एकाला अख्खं दिलं तर सहा ताटकळतात,
आणि त्या एकाचं काम कोपऱ्यातच मावतं,
बाकीचं कार्ड नुसतं ऊब खात बसतं.
म्हणून आम्ही त्याचे तुकडे करतो.
करवत लागत नाही, चार ओळींचा हुकूम पुरतो.
गणिताचे भाग सात, मेमरीचे आठ.
सात जणांना एकेक वाटला
की प्रत्येकाच्या पदरात मेमरी पडते
साडेबारा टक्के.

स्क्रीनवर पहिल्यांदा हा हिशेब लागला
तेव्हा मी एकटीच हसले.
दिलावर परभणीचा, त्याला काय सांगणार,
आमच्या आळीतली पोरं हा आकडा
पाढ्यांच्या आधी शिकतात.
शंभर घेतले, साडेबारा परत,
त्यातूनही शाळेला, बागेला कापून.
बाबांच्या कपाटात अजून ती फाइल:
वर इरादापत्र, खाली सातबारा,
प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर.

इथल्या भिंती मात्र पक्क्या.
पहिल्यात नेरूळच्या दवाखान्याचे छातीचे एक्सरे.
दुसऱ्यात तुर्भ्याच्या मार्केटातले कांद्याचे भाव,
उद्याचे, बहुतेक वेळा चुकलेले.
तिसरा सानपाड्याच्या दोघा भावांचा,
त्यांचा प्रोग्राम रोज साडेअकराला कोसळतो.
कोसळू दे. शेजारच्याचा कपही हलत नाही.
एक्सरे चालूच: डावं फुप्फुस, उजवं फुप्फुस.
आमच्या आळीत असं कधी झालं नाही,
एकाच्या न्हाणीचं पाणी दुसऱ्याच्या ओट्यावर
आणि भांडण तिसऱ्याच्या दारात.

चौथ्यात कृत्तिका भोईर खाडीचे नकाशे जुळवते.
जुन्या मोजणीचा कागद खाली, उपग्रहाचं चित्र वर,
कुठलं खाजण, कुठला बांध, कुठल्या टॉवरखाली.
दोन वाजून एकवीस मिनिटांनी तिचं काम थांबलं.
लाल ओळ: मेमरी अपुरी.
फार नाही,
नकाशाच्या एका कोपऱ्याएवढी.

आणि पाचवा तर रिकामाच,
भाडं भरून भाडेकरू गायब.
पण वाटीभर साखर देतात तसं इथे देता येत नाही.
जोडायचं तर जोड्या ठरलेल्या:
एक-दोन, तीन-चार, पाच-सहा.
चौथा आणि पाचवा शेजारी आहेत,
सोयरे नाहीत.

मी तिसऱ्याकडे पाहिलं.
भाऊ झोपले असणार, त्यांचं काम तर कधीचं आडवं.
त्यांची चंबूगबाळी उचलली, पाचव्यात ठेवली,
तीन-चारमधली भिंत पुसली
आणि कृत्तिकाचा नकाशा पुन्हा पळू लागला.
नियम चोवीस तास आधी कळवण्याचा.
दिलावरने अंगठा वर केला.
मला आठवलं,
बाबांचा प्लॉटही असाच एका रात्रीत
घणसोलीतून द्रोणागिरीला गेला होता.
कागदावर आकार तोच होता.

मागे एकदा बाबांना हे सगळं
भाकरीच्या तुकड्यांनी समजावलं होतं.
त्यांनी सात तुकडे मोजले, मग आठवा बोटाने हलवून म्हणाले,
"न ह्यो कोनाचा गो?"
कुणाचाच नाही, बाबा.
सातांना वाटून उरतो, तसाच पडून असतो.
"पडून कई नसतं," म्हणाले,
आणि तो त्यांनीच खाल्ला.

पावणेचार. पारसिकच्या डोंगरावर टॉवरचा लाल दिवा.
पवन्याकडून तो औषधी वास.
मी भावांना लिहायला घेतलं,
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
तुमचा गाळा तीन होता, आता पाच आहे.
आकार तोच.
आधी विचारायला हवं होतं.