झगा

लक्ष्मीपुरीत शिकलगारांच्या दुकानात
समुद्रे पाळकांचा झगा मी टेबलावर ठेवला.
"किती कमी करायचा?"
चार बोटं, म्हटलं. त्यांची उंची जास्त होती.
दस्तगीरचाचा चष्म्यावरून बघत राहिले.
"बाईमाणसासाठी पैल्यांदाच शिवायलोय हे."
मीही पहिल्यांदाच घालणार आहे, म्हटलं.

कॉलरची पट्टी अजून आतच होती,
फिनेलच्या पांढऱ्या डब्यातून
सुवार्ताबाईंनी कात्रीनं काढलेली.
उन्हाळ्यात तिला वास यायचा म्हणे,
वेदीपाशी दवाखान्याचा वास.

रेव्हरंड एलिया समुद्रे.
राहुरीकडचे, बाप विहिरी खणणारा,
आणि पोराला पाणी मागता येत नव्हतं.
'प'वर जीभ अडायची, पोर तहानलेलं राहायचं.
मग मिशनच्या शाळेत कुणीतरी हातात
प्रार्थनापुस्तक दिलं. वाच म्हणाले.
आणि वाचलं की हो!
सगळं, न अडता, शेवटच्या आमेनपर्यंत.
छापलेली ओळ दिसली की जीभ मोकळी,
पुस्तक मिटलं की पुन्हा गाळात.
देवानं बोलावलं असं बाकीचे सांगत,
ते स्वतः एवढंच:
"दु-दुसऱ्याचे शब्द मला सोपे जातात."

मनमाडला सहा वर्षं, हरेगावला चार,
मग कोल्हापूर, रिटायर होईस्तोवर.
पगार कधी महिन्याला, कधी नाताळला.
मंडईत बोटानं दाखवून वांगी घ्यायचे,
माळणी त्यांना मुका फादर म्हणायच्या,
आणि रविवारी तोच मुका
साडेतीनशे वर्षांपूर्वीची वाक्यं
मराठीत अशी म्हणायचा
की बाहेर सायकलीला टेकलेली पोरंसुद्धा
गप्प उभी राहायची.

सत्तर साली मंडळ्या एक झाल्या.
पलीकडच्या चर्चचे लोक आमच्या बाकांवर आले,
पुस्तकाशिवाय प्रार्थना करणारी माणसं.
त्यांचे वडील नथानेल घोलप उठून म्हणाले,
"पाळकसाहेब, पुस्तक मिटा.
आज मनातलं बोला."
वाईट हेतू नव्हता त्यांचा.
समुद्र्यांनी पुस्तक मिटलं.
प... प...
मी नऊ वर्षांची, पहिल्या बाकावर, आकडे मोजत होते.
चाळीसला एसटीचा हॉर्न.
नव्वदला तालमीतला शड्डू, लांबून.
दीडशेला कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.
त्यांच्या कपाळावरून घाम कॉलरपर्यंत आला,
दोनशे चौदाला ते म्हणाले, "आमेन."
लख्ख. न अडखळता.
घोलपांचा आमेन सगळ्यात मोठा होता,
पण पुढच्या रविवारी अकरा घरं आली नाहीत.

मला बोलता येतं. भरपूर येतं.
परीक्षेत प्रवचनाला पहिला नंबर होता माझा.
गेल्या मंगळवारी सीपीआरमध्ये
एका बाईचा मुलगा गेला,
मी तिच्या शेजारी उभी राहून
अर्थ सांगत होते, वचनं सांगत होते,
ती पंख्याकडे बघत होती.
पंखा बंद होता.

"खिशात काहीतरी हाय," चाचा म्हणाले,
आणि एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवू लागले.
पेन्सिलीतलं अक्षर.
मीठ एक किलो.
सायकलचं पुढचं चाक.
घोलपांना भेटणे, त्यांना बरं नाही.
एक चिठ्ठी मात्र इतक्या वेळा घडी घातलेली
की कागदाचं कापड झालेलं,
शाईनं लिहिलेली, वर पुन्हा गिरवलेली,
कितीएक घरांत दारातच पुढे केलेली असणार:

*तुमचं माणूस गेलं हे कळलं.*
*मला बोलता येणार नाही.*
*बसतो.*

"खिशाला भोक पडलंय," मी म्हटलं, "तेवढं शिवा."
चाचांनी ऐकलं नाही बहुतेक.
चिठ्ठी हातात, ओठ हलत होते.
मशीनवरचा पाय थांबला होता.
मग कापडाचे तुकडे खाली ढकलून
त्यांनी एक स्टूल रिकामं केलं
आणि माझ्याकडे सरकवलं.