तोंडचा घास

हल शहरात, गोदीमागच्या आमच्या लाँड्रीत
तीन इस्पितळांच्या चादरी येतात.
रक्त, आयोडीन, कुणाच्या लांबलेल्या रात्रीचा घाम,
पाऊण तासात सगळं पांढरं.
मी इथली मॅनेजर, हेमांगी.
सगळे हेम म्हणतात; उरलेलं नाव
मीच सोडून दिलं, वेळ वाचतो म्हणून.

मागच्या वर्षी लीड्सला नेऊन हेड ऑफिसनं
आम्हाला आरसे दाखवले, दोन दिवस, जेवणासकट.
माझा रंग हिरवा निघाला.
हिरवा म्हणजे ऐकून घेणारी.
सर्टिफिकेट किटलीच्या वर लावलंय,
वाफेनं त्याचा एक कोपरा वळलाय.

काल थॉर्नलीचा बदलीचा अर्ज आला.
बॉयलरवाला, अठ्ठावन्न वर्षांचा, बोलताना अडखळतो.
अक्षर मात्र सलग, वळणदार:
‘हेम चांगली आहे.
पण माझं वाक्य तिला माझ्याआधी ठाऊक असतं.
बहुतेक वेळा चुकीचं.’

उभ्यानंच वाचलं. मग बसून वाचलं.

सांगलीच्या शाळेत
प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर.
बाई म्हणायच्या, शिका हिच्याकडून.
तोच हात वर धरून मी इथवर आले,
मागच्या बाकांवर किती हात
अर्ध्यातूनच खाली गेले, बघितलं नाही.
आणि थॉर्नलीला शब्द पुरवणं, ती तर मला माया वाटायची,
जिन्यावर कुणाला आधार द्यावा तशी.
तोंडचा घास काढून घेतेय
हे कळणार कसं?
मी तर भरवत होते.

आज त्याला बोलावलं. दार लावलं.
यंत्रांची घरघर तरी आत आलीच.
‘मार्चमध्ये मी प... प...’
पंप! माझ्या जिभेवर तयार.
मार्चमध्येही हेच म्हटलं होतं मी,
त्यानं मान हलवली होती.
प्लंबर आला, पंप उघडला, काही सापडलं नाही,
एकशे चाळीस पौंड गेले.
मी जीभ दाताखाली धरली,
टेबलाखाली बोटं मोजली.
सात. आठ.
काचेपलीकडे ड्रममध्ये एक उशीचा अभ्रा
वर चढत होता, पडत होता, वर चढत होता.
अकरा.
‘पॉलीन,’ तो म्हणाला.
‘पॉलीनला दाखल केलं होतं. दोन दिवस रजा हवी होती.’

त्या आठवड्याच्या चादरींत तिचीही असेल.
आम्हीच धुतली असेल.

मी तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.
तो थांबला.
टोपी गुडघ्यावर ठेवून, घाई न करता,
मला एकही शब्द न पुरवता
तो थांबला.

अर्ज टेबलावरच आहे. सही करायची का, ते तो सांगेल.

दुपारी पाळी बदलताना
अग्नियेश्काचं वाक्य मी पुन्हा उष्टं केलं.
लक्षात आलं, म्हटलं, सॉरी, बोल ना, पुढे?
ती म्हणाली,
विसरले.