आडवं येणं

विश्रामबाग, कॉलेजचा दुसरा मजला,
रात्रीचे अकरा वीस.
इन्क्युबेटरच्या पोटात सदतीस अंश,
बाहेर मी दोन मोजे चढवून.

प्लेटला शहाण्णव खळगे.
"शहाण्णव कुळी हाय," मुजावर म्हणतो दर खेपेला,
आणि दर खेपेला मी हसते,
कारण लाइट गेली तर जनरेटर चालू करणारा
या इमारतीत तो एकटाच.

खळग्याच्या तळाला सोन्याची जाळी, केसाहून बारीक.
आईला सांगितलं तर म्हणाली, किती तोळे?
मग लसूण नसलेल्या आमटीकडे बघत:
चावतो का गं त्यांना करंट?

नाही चावत.
दहा मिलिव्होल्ट, आई.
दार न वाजवता नुसतं उंबऱ्यापाशी उभं राहावं, एवढाच.

पूर्वी जिवंत किती हे मोजायला
आम्ही रंग घालायचो.
आकडा मिळायचा,
आकडा देणारी उरायची नाही.

आई अजून माठाला फडकं बांधते.
पाणी गाळून झालं की फडकं झटकत नाही,
उलटं धरते, वरून तांब्याभर पाणी सोडते,
जे अडकलं ते विहिरीला परत.
विहीर बुजवली. वर आता गुंठेवारीतली तीन घरं.
म्हणून ती कुंडीत सोडते,
आणि हे आपलं चुकतंय असं तिला रोज वाटतं.

संध्याकाळी ओतल्या तेव्हा पेशी गोल होत्या, तरंगत्या,
ना अध्यात ना मध्यात.
करंट सरळ निघून जायचा.
पडद्यावर शून्य, म्हणजे घरात कोणी नाही.
मग कुठेतरी एकीने पाय टेकले.
पसरली.
दुसरी तिला खेटून, तिसरी दोघींच्या फटीत,
आणि करंटला वळसा घ्यावा लागला.
आकडा चढला.

यंत्राला एवढंच कळतं: वाटेत कोण आलं.
त्याला चेहरा नको, रंग नको.
आडवी येते, त्या अर्थी आहे.

मी जन्मतानाच आडवी आले.
रातोरात मिरजेला नेलं, पोट फाडून काढलं,
आणि पुढे प्रत्येक भांडणात
हे वाक्य माझ्या नावासारखं वापरलं गेलं:
त्रिशला, तू पहिल्यापासूनच आडवी.
पीएचडीला बसले तेव्हा, स्थळ नाकारलं तेव्हा,
मोटरसायकल घेतली तेव्हा तर काकासुद्धा.
इथे बसून वाटतं,
त्यांच्याकडे माझं मोजमाप बरोबर होतं,
अर्थ तेवढा चुकला.

बारा पाचला नमुना क्रमांक चार घातला.
वखारभागातली राजापुरी हळद, तिचा अर्क,
मगदूम मॅडमच्या अक्षरात डबीवर मात्रा.
दार उघडलं म्हणून रेषा आधी थरथरली,
मग सावरली.
दर पंधरा मिनिटांनी एक ठिपका.
बारा पन्नास. एक पाच. एक वीस.
ई रांग घसरायला लागली.

मेल्या, असं यंत्र म्हणत नाही.
वाट मोकळी झाली, म्हणतं.

मी वहीत लिहिलं, ई रांग, जास्त मात्रा, अपेक्षित.
अपेक्षित हा शब्द पुन्हा वाचला.
खोडला नाही.
नखांच्या कडा पिवळ्या,
लग्नघरातून आल्यासारख्या.

पावणेदोनला लाइट गेली.
खाली मुजावरच्या चपला, शिवी, मग इंजिनाचा खोकला.
आलेखात तेवढी एक फट राहिली.
त्या फटीत काय झालं मला माहीत नाही,
परत आली तेव्हा ए रांग,
जिला आम्ही काहीच दिलं नव्हतं,
होती तिथून थोडी वरच होती.

पाच वाजता आईचा फोन.
ती दिवस उगवायची वाट बघत असते, चहासाठी.
आहेत का गं सगळ्या?

ए रांग आहे, म्हटलं.

तेवढ्या तरी, ती म्हणाली.
शुक्रवारी प्लेट ब्लीचमध्ये उलटी करायची असते,
हे मी तिला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर विचारेल,
आणि मग परत कुठे सोडता?