शंखांचा हिशेब

साठ लिटर, ती म्हणाली, आणि दोन्ही हात पसरले:
एवढी. खिडकीखाली. हीटरपासून लांब.
बापाने मान हलवली. त्याला लिटर कळत नव्हते,
त्याला फक्त शनिवार-रविवार कळत होते,
तेही एकाआड एक.

पिवळे हवेत, अपोलेना म्हणाली. ते निळे पट्टेवाले पण.
आणि तो कोपऱ्यातला रागीट.

मी म्हटलं, पोरी, पिवळा आज करंगळीएवढा आहे,
वर्षभरात तुझा तळहात भरेल.
मलावीच्या सरोवरातली जात, खडकाखडकावर हक्क सांगणारी.
साठ लिटरमध्ये हक्क सांगायला खडक उरत नाही,
मग तो शेजाऱ्याच्या शेपटीवर सांगतो.
निळ्याची तीच कथा. आणि रागीट,
त्याची मादी ज्या दिवशी अंडी घालेल
त्या दिवसापासून टाकीत तुझा हातसुद्धा परका.

भांड्याला भांडं लागायचंच, बाप हसून म्हणाला.
लागू दे की. पण फळी लांब हवी.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला:
तुमच्या किटलीत आतून काय दिसतं?
तो गडबडला. नवीन आहे, म्हणाला,
सप्टेंबरातच घेतली.
पांढरं दिसतं, पोरगी म्हणाली. बाबाच्या पण, आईच्या पण.
आईच्या जास्त. ती चहा खूप पिते.

झ्नोयमोचं पाणी आहेच तसं,
चुन्याचं, जड, साबणाला दाद न देणारं.
माझा यिंद्रा या पाण्याला शिव्या देत देतच गेला.
मऊ पाण्यातले नाजूक जीव इथे झुरतात;
दुकानात ठेवते, विकताना जीव खातो.

त्यांना मी खालच्या कप्प्यापाशी बसवलं.
रिकामी आहे ही, अपोलेना म्हणाली.
सगळे हेच म्हणतात. थांब.

वाळू हलली.
शंखाच्या तोंडातून आधी एक डोळा आला,
मग पट्ट्यापट्ट्यांचं पेरभर अंग,
तोंडात वाळूचा घास. दोन बोटं पलीकडे जाऊन
त्याने तो थुंकला, आणि परत
दारासमोरचं अंगण उकरायला लागला.

टांगानिकाचे हे. पूर्ण वाढले तरी दोन इंचांच्या आत.
शंख मात्र आपल्याच द्राक्षमळ्यांतल्या गोगलगायींचे.
चव घेऊन पाहतात, आत शिरतात, राहतात.
कुठला म्हणून आजवर एकाने विचारलं नाही.

सहा घ्या, मी म्हटलं.
सोबतीला कोण? बापाने विचारलं.
कुणी नाही. हेच एकमेकांना पुरतात.
आणि शंख अठरा.

अठरा?
एकेकाला तीन. एक झोपायला,
एक भांडण हरल्यावर जायला,
एक असाच, कुणाचाच नसलेला.

अपोलेनाने बोटं उघडली.
आईचं, ती म्हणाली. बाबाचं.
तिसरं बोट थोडा वेळ हवेत राहिलं.
मग तिला आठवलं: गाडी.

बापाने पाकीट काढलं, खिशात ठेवलं, परत काढलं.
मी शंख मोजत होते, मोठ्याने,
अकरावर चुकले, पहिल्यापासून मोजले.

एप्रिलमध्ये तो एकटाच आला, बुधवारी.
पिशवीत चाळीस-एक शंख, मळ्यात स्वतः वेचलेले,
मातीने भरलेले, एकात अजून गोगलगाय.
पिल्लं झालीत, म्हणाला. पण जात नाहीत कुठे,
मोठ्यांच्या दाराशीच घुटमळतात. हे ठीक आहे ना?
ठीक आहे, मी म्हटलं. या जातीत ठीक आहे.

रोज रात्री फोनवर विचारते, किती आहेत.
मी मोजायला बसतो. ती हलतात.
काल चौदा सांगितली. चौदा असतील?
असतील.

जिवंत गोगलगाय मी मागच्या अंगणात सोडली.
बाकीचे उकळून घ्या, त्याला सांगितलं,
वीस मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, वास फार येतो.
आणि जुन्या पातेल्यात, हं.
किटलीत नको.