झडप

पार्कसाइटची पालिका शाळा, आठवी ब.
पडद्यावर हृदय धडधडतंय:
निळे बाण, लाल बाण, मागे बासरी,
नावं उगवतात, वाचेस्तोवर मावळतात.
बावन्न डोकी खूश.
"कळलं?"
"होऽऽ बाई!"
वह्यांत मात्र बाण घुसलेला बदाम.

मग मी बासरी बंद केली.
नावं पुसली. तो मधाळ निवेदकही गप्प.
अर्ध्या उजेडापुढे हजेरीपट धरला.
उरला एक कप्पा, एक झडप,
तीही उघडता उघडता थांबवलेली.

वर्ग आधी कंटाळला.
मग पंखा ऐकू येऊ लागला.
मग शेवटच्या बाकावरचा वैजनाथ खरटमोल,
ज्याचा आवाज मी जूनपासून फक्त हजेरीत ऐकला,
उभा राहिला:
"बाई, माझे पप्पा चावीवाले.
पहाटे चारला टेकडीवर पाणी सोडतात,
साडेपाचला चावी फिरवतात.
ही तसलीच ना?
पण हितं आत
चावी फिरवतं कोण?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं.
गिळलं.
हजेरीपट तसाच धरून
एकच ठोका पुढे सरकवला
आणि हात अवघडेपर्यंत
पुन्हा थांबले.